श्रमाचा हमीभाव

दसरा-दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापूस घरी येऊ लागतो. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजीच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम सुरू होतो आणि घराघरांतून एकच विषय निघतो : यंदा भाव काय? हमीभाव किती जाहीर झाला, खरेदी केंद्र कधी उघडणार, व्यापारी क्विंटलमागे किती तोडून देतो, याचा हिशेब शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतो. तसा तो असायलाच हवा. वर्षभराच्या घामाचे दाम त्यावर ठरतात.

याच घरातील अठरा-वीस वर्षांचा मुलगा त्याच हंगामात कामासाठी बाहेर पडतो. शिक्षण दहावी-बारावीपाशी थांबलेले, किंवा महाविद्यालयात नाव असले तरी वर्गात बसायला सवड नसलेली. कुणी जिनिंगमध्ये लागतो, कुणी वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्टीवर, कुणी कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडे. कुणी यवतमाळ, पुसद, दिग्रसच्या कापड दुकानात, औषधाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, खासगी रुग्णालयात. पगार किती ठरला, असे त्याला विचारले तर बहुधा एकच उत्तर येते : 'शेठजी देतील ते.' कापसाच्या भावात पैशापैशाने घासाघीस करणारे घर मुलाच्या श्रमाचा भाव मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर सोडून मोकळे होते. त्या श्रमालाही एक हमीभाव आहे, तो कायद्याने ठरलेला आहे, आणि कापसाच्या हमीभावापेक्षा तो कितीतरी बळकट आहे, हे या घरांपर्यंत पोहोचलेलेच नाही. कापूस हमीभावाच्या खाली विकला जाताना आपण दरवर्षी पाहतो. श्रम मात्र किमान वेतनाच्या खाली विकत घेणे हा अपराध आहे.

या कायद्याचा इतिहास आपल्या देशाच्या स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एप्रिल १९४६मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. बाबू जगजीवन राम स्वतंत्र भारताचे मजूरमंत्री असताना, १९४८ साली त्याचा कायदा झाला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, निर्वासितांचे लोंढे येत होते, तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळीही राष्ट्राने ज्या कायद्यांना अग्रक्रम दिला, त्यात हा एक होता. संघटित कामगाराला संप करता येतो, वाटाघाटी करता येतात. ज्याच्यामागे कोणतीच संघटना नाही, त्याच्या पाठीशी राज्याने उभे राहावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे मोजमाप ठरवले : कामगार, त्याची पत्नी व दोन मुले असे तीन एककांचे कुटुंब, प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या प्रकरणात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण व विवाह यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत, असे सांगितले. म्हणजे किमान वेतनाच्या आकड्यामागे एका गृहस्थाश्रमाचे चित्र आहे. त्या आकड्यातून दोनशे रुपये कापणारा दुकानदार कुणाच्या तरी मुलाची वही किंवा आईचे औषध कापत असतो.

१९४८चा तो कायदा आता स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. संसदेने २०१९ साली संमत केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून देशभर लागू झाली आणि किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस व समान वेतन हे चार जुने कायदे तिच्यात विलीन झाले. जुन्या कायद्याखाली सरकारने काढलेल्या दरांच्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, चालूच राहतात. 'कायदा बदलला, आता जुने दर लागू नाहीत' असे कुणी सांगत असेल तर ती दिशाभूल आहे.

नव्या संहितेने घडवलेला मोठा बदल यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वी किमान वेतन केवळ अनुसूचित उद्योगांना लागू असे. ज्या कामाचे नाव यादीत नाही, त्या कामगाराला आधार नसे. आता यादीची ही अट उरलेली नाही. दुसरे असे की केंद्र सरकार एक तळरेषा ठरवील आणि कोणत्याही राज्याला तिच्याखाली दर ठेवता येणार नाहीत. अशी राष्ट्रीय तळरेषा १९९६ साली दिवसाला ३५ रुपयांपासून सुरू झाली व २०१७मध्ये १७६ रुपयांवर आली. पण तिला कायद्याचे बळ नव्हते, ती केवळ सूचना होती. संहितेने तिला ते बळ दिले आहे. सरकारने नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने २०१९मध्ये ही रेषा दिवसाला ३७५ रुपये असावी असे सुचवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अजून किती चालायचे आहे, याची कल्पना येते.

महाराष्ट्रात दर ठरतो तो तीन गोष्टींवरून : काम कोणत्या उद्योगातले आहे, गाव कोणत्या परिमंडळात मोडते, आणि कामगार कुशल, अर्धकुशल की अकुशल वर्गातला आहे. मूळ दरावर महागाईशी निगडित विशेष भत्ता मिळतो आणि कामगार आयुक्तांकडून तो दर सहा महिन्यांनी सुधारत आला आहे. मूळ दर आणि विशेष भत्ता मिळून किमान वेतन होते. नुसता मूळ दर हातावर ठेवून 'सरकारी दराने दिले' असे म्हणता येत नाही. तसेच मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा या वेतनात धरता येत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. सोयीसाठी असे धरू की, एखाद्या कामाचे किमान वेतन महिन्याला १३,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाचे ५०० रुपये आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाचे ६२ रुपये ५० पैसे होतात. आठवड्याला ४८ तासांच्या वर जे काम होईल, त्याला दुप्पट दर, म्हणजे तासाला १२५ रुपये. आपल्याकडे दुकानात सकाळी नऊला गेलेला मुलगा रात्री नऊला सुटतो. रोजचे चार तास जादा, महिन्याचे १०४. त्यांचेच १३,००० रुपये होतात. म्हणजे ज्या मुलाच्या हाती महिनाअखेर आठ-नऊ हजार टेकवले जातात, त्याचे या हिशेबाने होणारे देणे २६,००० रुपयांचे असते. हा हिशेब घरी बसून कागदावर मांडता येतो. तो मांडायला कुणी शिकवलेच नाही, हीच खरी अडचण आहे.

किमान वेतन न देणाऱ्यांकडून जी कारणे ऐकू येतात, ती बहुधा चारच असतात.

पहिले कारण, 'तो अजून शिकतो आहे.' शिकाऊ उमेदवार ही १९६१च्या कायद्याने ठरवलेली व्यवस्था आहे. तिला नोंदणीकृत करार लागतो, प्रशिक्षणाची मुदत व अभ्यासक्रम लागतो आणि विद्यावेतन नियमाने ठरते. राज्य सरकारने २०२४मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असे विद्यावेतन ठरवून दिले होते. तेथे आपण प्रशिक्षणार्थी आहोत हे मुलाला ठाऊक असते आणि ते कागदावर असते. असा कोणताही करार नसताना पोती उचलणारा, गिऱ्हाईक सांभाळणारा, रात्री दुकान झाडून कुलूप लावणारा मुलगा शिकाऊ ठरत नाही. तो कामगार आहे.

दुसरे कारण, 'आमचे दुकान लहान, आम्हाला कायदा लागू नाही.' महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा मूळ रूपात प्रामुख्याने दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, त्यावरून हा गैरसमज पसरला. किमान वेतनाला अशी संख्येची अट नाही. एकच मुलगा कामाला असला, तरी त्याचे किमान वेतन द्यावे लागते.

तिसरे कारण, 'परवडत नाही.' यातील अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेता येणार नाही. पीक बुडाले की बाजारपेठ ओस पडते; शहरातील मोठी दालने आणि घरपोच व्यापार यांनी तालुक्याचा दुकानदार घेरला आहे. परंतु हा युक्तिवाद न्यायालयापुढे फार पूर्वीच येऊन गेला आहे. केरळमधील कौलांच्या कारखान्यांच्या प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत हा निकष नसतो. वीज परवडत नाही म्हणून कुणी अर्धे बिल भरत नाही, भाडे परवडत नाही म्हणून घरमालकाला 'देईन ते घे' असे सांगत नाही. ज्याच्यापुढे असे म्हणता येते तो एकटा कामगारच असतो, कारण तो दुबळा असतो.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे : 'तो स्वखुशीने तयार झाला.' संहितेत या विषयाची स्वतंत्र तरतूद आहे, आणि १९४८च्या कायद्यातही ती होती. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार, मग त्यावर कामगाराची सही असो वा अंगठा, रद्दबातल ठरतो. हा हक्क इतका मूलभूत मानला आहे, की तो स्वतः कामगारालाही सोडता येत नाही. १९८२च्या एशियाडच्या वेळी दिल्लीत बांधकामावरील मजुरांना किमान वेतन मिळत नव्हते. त्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी मोलाने काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठबिगारी होय. भुकेने दिलेली संमती ही संमती नव्हे, हा त्या निकालाचा गाभा आहे. वेठबिगार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या काळचा सावकार व त्याचा बांधलेला गडी येतो. न्यायालयाने तो शब्द आपल्या बाजारपेठेच्या दारापर्यंत आणून ठेवला आहे.

वेतनाचे हे तत्त्व परकीयांकडून उसने घेतले, असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वेतन न देणाऱ्या धन्याला दंड सांगितला आहे. इतकेच नव्हे, वेतन न ठरवता कामाला लावलेल्याचे काय, हाही प्रश्न तेथे सोडवला आहे : शेतात राबणाऱ्याला धान्याचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या चाकराला त्याने हाताळलेल्या मालाचा दहावा हिस्सा मिळावा. 'शेठजी देतील ते' ही व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वीच्या अर्थनीतीलाही मान्य नव्हती. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती वर्गसंघर्षाची वाट नाकारून. पण वर्गसंघर्ष नाकारणे म्हणजे मालकाच्या अन्यायाकडे डोळेझाक करणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही. मालक आणि मजूर एका कुटुंबाचे घटक आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या कुटुंबात एकाच्या ताटात वाढायचे आणि दुसऱ्याचे ताट अर्धे ठेवायचे, हे बसत नाही.

येथे आपल्या वाचकांशी स्पष्ट बोलले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील दुकानदार, डॉक्टर, ठेकेदार, शिकवणी वर्गाचे चालक, शिक्षण संस्थांचे पदाधिकारी, कृषी सेवा केंद्रांचे मालक यांत हे पान वाचणारे पुष्कळ आहेत. समरसतेवर आपण व्याख्याने ऐकतो, सेवावस्तीत जातो, दिवाळीत फराळ वाटतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु आपल्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला, आपल्या दुकानातील पोऱ्याला कायद्याचे वेतन मिळते का, हा प्रश्न त्या फराळाच्या आधी येतो. सेवा ही हक्क दिल्यानंतरची गोष्ट आहे. ज्याचे देणे थकवले, त्यालाच दान करणे याला पुण्य म्हणता येणार नाही. त्यातही मुलींचा प्रश्न वेगळा पाहावा लागेल. त्याच कामासाठी मुलीला मुलापेक्षा कमी वेतन देण्यास संहितेने मनाई केली आहे. आणि कापूस वेचणीसारखे काम वजनावर दिले, तरी जेथे वजनाचा किमान दर ठरलेला नसून दिवसाचा ठरलेला आहे, तेथे दिवसाच्या किमान वेतनाहून कमी देता येत नाही.

कायदा आपणहून दारात येत नाही, हेही खरे. नव्या संहितेत कमी वेतन देणाऱ्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच अपराध केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड अवघा ५०० रुपयांचा होता, पण पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. आता पहिल्या वेळी कैद नाही, आणि निरीक्षकाकडे तपासणीबरोबर मालकाला मार्गदर्शन करण्याचेही काम आले आहे. ही सवलत प्रामाणिक उद्योजकाला उपयोगी पडेल. अप्रामाणिक मात्र तिचा गैरफायदा घेणार. म्हणून कामगाराने स्वतः जाणते होणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

तशी साधनेही त्याच्या हाती आहेत. थकलेल्या वेतनाचा दावा पूर्वी सहा महिन्यांच्या आत करावा लागे. आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. दावा तो स्वतः करू शकतो, त्याची नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते. थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. आणि वेतन दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ठेकेदाराने वेतन बुडवले, तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले तो मूळ मालक देणे लागतो. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत, आणि काम सोडल्यावर वा काढून टाकल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा झाला पाहिजे. काच फुटली, माल कमी भरला म्हणून मनाला येईल तेवढे कापता येत नाही. आधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते, आणि दंड असेल तर तो त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांनी या संदर्भात तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या गावातील प्रमुख कामांचे चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून मिळवून ग्रामपंचायत, वाचनालय आणि महाविद्यालय यांच्या फलकावर लावावेत, आणि दर बदलला की फलकही बदलावा. कामाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक साधी वही द्यावी. त्यात तारीख, येण्या-जाण्याची वेळ, मिळालेली रक्कम रोज लिहायला शिकवावे. पगारपत्रक मागणे हा उद्धटपणा नसून हक्क आहे, हे त्याला आणि त्याच्या वडिलांनाही समजावून सांगावे. आणि कुणाची तक्रार असेल तर त्याच्याबरोबर कार्यालयात जावे. वणी परिसरातील कोळसा खाणींचा विषय केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे जातो, दुकान आणि जिनिंगचा राज्याच्या. एवढी माहिती नसल्यामुळेही माणसे दोन खेटे घालून घरी बसतात. चौदा वर्षांखालील मूल कामावर दिसले, किंवा अठराखालील मुलगा धोकादायक कामावर आढळला, तर तेथे वेतनाचा हिशेब करायचा नसतो. २०१६च्या दुरुस्तीनंतर तो सरळ गुन्हा आहे आणि त्या मुलाची जागा शाळेत आहे.

विदर्भात सालगड्याचा करार गुढीपाडव्याला होतो. धान्य किती, रोख किती, सुट्ट्या किती, हे चार माणसांदेखत बोलले जाते. ती पद्धत सर्वस्वी न्याय्य होती असे नाही, पण तिच्यात एक गोष्ट होती : काम सुरू होण्यापूर्वी मोल उघडपणे ठरत असे. त्याच गावातील शिकलेला मुलगा आज तालुक्याच्या बाजारपेठेत मोल न विचारता कामाला लागतो. येत्या पाडव्याला आपल्यापैकी प्रत्येक मालकाने आपल्याकडील मुलांचे वेतन चालू सरकारी दराशी ताडून पाहावे, जे कमी असेल ते भरून द्यावे, आणि आकडा कागदावर लिहून त्यांच्या हाती ठेवावा. प्रत्येक बापाने कापसाच्या भावाबरोबर मुलाच्या श्रमाचाही भाव विचारावा.